कुंडीतला सांबार: भिलाईच्या उन्हात कोथिंबीर कशी टिकवायची

घरच्या बागेच्या आपल्या गप्पांमध्ये आज कोथिंबिरीची पाळी. हा विषय मी मुद्दाम मागे ठेवला होता. मिरची, पुदिना, कढीपत्ता, गवती चहा यांच्याबद्दल बोलणं सोपं, कारण ही मंडळी एकदा रुजली की आपली चूक पोटात घालतात. कोथिंबीर तशी नाही. जो भेटतो तो हेच सांगतो, "सगळं येतं हो, पण कोथिंबीर काही येत नाही. उगवतच नाही, आणि उगवली तर चार पानं देऊन फुलावर जाते." मीही तीन वर्षं हेच म्हणत होते. ती तीन वर्षं कुठे चुकली, ते आज सगळं सांगणार आहे.

आधी नावाचं बोलू. आमचं घर मूळ नागपूरकडचं, आणि आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. पुण्या-मुंबईचे पाहुणे आले आणि सासूबाई म्हणाल्या, "भाजीवर सांबार घाल गं," की ते इडलीबरोबरचं सांबार शोधू लागतात! इथे छत्तीसगडात बाजारात धनिया पत्ती मागायची. भिलाई म्हणजे साऱ्या देशाची माणसं एका गावात. १९५५ साली सोव्हिएत देशाशी करार झाला, १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि कामासाठी कुठकुठून लोक आले. त्यामुळे सेक्टरमधल्या एकाच गल्लीत कोथिंबिरीची पाच नावं ऐकू यायची. तेलुगू घरात कोत्तिमीर, तमिळ घरात कोत्तमल्ली, बंगाली घरात धने पाता, छत्तीसगडी घरात धनिया आणि आमच्याकडे सांबार. संस्कृतात तिला कुस्तुंबरी म्हणतात. आपल्या कोथिंबिरीचं आणि तेलुगू कोत्तिमीरचं नातं कानालाच कळतं.

सासरे कारखान्यात नोकरीला होते. क्वार्टरच्या मागे थोडी मोकळी जागा होती, तिला इथले लोक बारी म्हणतात. बारी म्हणजे परसबाग. सासूबाईंच्या बारीत दिवाळीपासून होळीपर्यंत सांबार विकत आणायची वेळ येत नसे. पुढे सासरे निवृत्त झाले, क्वार्टर सोडावं लागलं, आणि आम्ही सुपेल्याकडे तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो. बारी गेली, बाल्कनी आली. सासूबाईंनी येताना दोन गोष्टी जपून आणल्या, एक पाटा-वरवंटा आणि दुसरा धन्यांचा डबा. त्या डब्याचं पुढे काय झालं, ते शेवटी सांगते. आधी शिकायचं ते शिकून घेऊ.

कोथिंबिरीचा स्वभाव

कोथिंबीर गाजर, जिरं, ओवा आणि बडीशेप यांच्या कुळातली. या सगळ्यांचं फूल छत्रीसारखं असतं, ते आठवा. या कुळाची सवय अशी की मूळ सरळ खाली जातं. गाजरात ते जाड होतं, कोथिंबिरीत बारीक राहतं, पण जातं खोलच. म्हणून पहिला नियम: कोथिंबिरीचं रोप एका जागेवरून उपटून दुसरीकडे लावू नका. मुळाला धक्का लागला की रोप घाबरतं आणि थेट फुलावर जातं. जिथे वाढवायची तिथेच बी टाकायचं.

दुसरी गोष्ट, हे थंडीचं पीक आहे. वीस ते पंचवीस अंश तापमान तिला मानवतं. तिशीच्या वर उगवण रेंगाळते, आणि रोप उगवलंच तरी त्याला घाई होते. घाई कसली? फुलायची. कोथिंबीर वर्षभरही न जगणारं रोप आहे. आपल्याला पानं हवी असतात, तिला बी हवं असतं. दिवस मोठा होऊ लागला आणि ऊन चढलं की ती समजते, आता उन्हाळा आला, मरायच्या आधी बी धरून घ्यावं. मग मधून एक दांडा सरळ वर येतो, खालची रुंद पानं थांबतात आणि वर शेपूसारखी बारीक, चिरलेली पानं येतात. ती पानं दिसली की समजा, आता पानांचा हंगाम संपला.

भिलाईत डिसेंबरमध्ये दिवस अकरा तासांहून थोडा लहान असतो आणि जूनमध्ये साडेतेरा तासांच्या जवळ जातो. मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो. म्हणजे इथे कोथिंबिरीला दोन्ही बाजूंनी निरोप मिळतो, दिवसाचाही आणि उन्हाचाही. फेब्रुवारीच्या शेवटी पेरलेली कोथिंबीर महिन्या-सव्वा महिन्यात फुलते, तेव्हा तुमच्या हाताला दोष देऊ नका. पेरायची वेळ चुकली, एवढंच.

बी: डब्यातले धने चालतात का?

चालतात. पण सगळे नाही. आपण ज्याला धन्याचा दाणा म्हणतो ते खरं तर कोथिंबिरीचं फळ आहे, आणि त्या एका फळात दोन बिया असतात. म्हणून धने हलके रगडून दोन फाका करायच्या. पाटीवर किंवा पोळपाटावर पसरा, वरून चपलेचा स्वच्छ तळवा किंवा हाताचा तळवा दाबून फिरवा. लाटण्याने जोर लावू नका, आतलं बी फुटतं. भुगा झाला तर फोडणीलाच वापरा!

किराण्याच्या धन्यांची अडचण त्यांच्या वयाची असते. नवे धने साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतात. मध्य प्रदेशातलं कुंभराज आणि राजस्थानातली रामगंज मंडी ही धन्यांची मोठी नावं, आणि आपल्याकडे येणारा बराच माल त्या पट्ट्यातला असतो. त्याच वर्षीचे धने ऑक्टोबरात पेरले तर उगवतात. दोन-तीन वर्षं गोदामात पडलेले किंवा खूप तापलेले धने उगवत नाहीत. वासावरून आणि रंगावरून नेहमी कळतंच असं नाही, म्हणून परीक्षा घ्या. वीस दाणे रगडून ओल्या फडक्यात गुंडाळा आणि डब्यात ठेवा. फडकं सुकू देऊ नका. दहा-बारा दिवसांत बारा-चौदा दाण्यांना कोंब आले तर धने पेरण्यासारखे आहेत. तीन-चारच आले तर तो डबा स्वयंपाकघरात परत पाठवा.

आता एक सावधगिरीची गोष्ट. दुकानातून बियाण्याचं पाकीट आणलं आणि आतलं बी गुलाबी, निळं किंवा हिरवट रंगवलेलं दिसलं, तर त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. ते बी पेरायला उत्तम, पण चुकूनही खायचं नाही. पेरून उरलं म्हणून मसाल्याच्या डब्यात ओतायचं नाही, मुलांच्या हातात द्यायचं नाही, आणि ज्या वाटीत भिजवलं ती वाटी जेवणात वापरायची नाही. ही चूक घरात सहज होते, कारण धने तर आपण रोज खातो, त्यात काय भ्यायचं असं वाटतं.

रगडलेले धने रात्रभर, म्हणजे आठ ते बारा तास पाण्यात भिजवा. सकाळी पाणी काढून टाका आणि एक दिवस ओल्या फडक्यात बांधून सावलीत ठेवा. भिजवल्याने उगवण दोन-चार दिवस लवकर होते. आठ दिवसांत काही दिसलं नाही म्हणून कुंडी उकरून बघू नका, थंडीत पंधरा दिवसही लागतात. मी पहिल्या वर्षी नवव्या दिवशी उकरलं होतं, आणि कोंब आलेलेच दाणे हाताने मोडले होते.

माती आणि कुंडी

छत्तीसगडच्या मातीला चार नावं आहेत: भाठा, मातासी, डोरसा आणि कन्हार. भाठा म्हणजे लाल, मुरमाड, पाणी न धरणारी. मातासी पिवळसर आणि हलकी. कन्हार म्हणजे काळी, चिकट, उन्हाळ्यात भेगा पडणारी, आपल्या विदर्भातल्या काळ्या जमिनीची बहीण. डोरसा मातासी आणि कन्हार यांच्या मधली. कुंडीतल्या कोथिंबिरीला मातासी सगळ्यात बरी. कन्हार कुंडीत भरली तर वर पापडी धरते आणि बारीक कोंब ती फोडू शकत नाही.

माझं मिश्रण असं. दोन भाग मातासी, एक भाग जुनं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि एक भाग जाड वाळू किंवा जळून काळं झालेलं भाताचं तूस. हा धानाचा मुलूख, तूस कुठल्याही राईस मिलमागे मिळतं. मात्र ताजं तूस मातीत घालू नका. ते कुजताना मातीतला नत्र ओढून घेतं आणि रोपं पिवळी पडतात. शेणखत असं जुनं हवं की हातात घेतलं तर मातीचा वास यावा, शेणाचा नाही. इथल्या गावात अशा खताच्या खड्ड्याला घुरवा म्हणतात. तुमच्या ओळखीत कुणाचा घुरवा असेल तर एक पोतं मागून आणा, वर्षाची काळजी मिटते.

कुंडी रुंद हवी. खोली सात-आठ इंच असली तरी पुरे, पण तळाला पाणी जायला भोकं हवीतच. फळांचे प्लास्टिकचे क्रेट आतून जुनी गोणी लावून छान चालतात. मातीची कुंडी सगळ्यात गार राहते, कारण तिच्या अंगातून पाणी झिरपून उडत असतं, आपल्या माठासारखं. काळी प्लास्टिकची पिशवी थंडीत ठीक, पण मार्चनंतर ती दुपारी चुलीसारखी तापते.

पेरणी

एका चहाच्या चमच्यात साधारण दीड-दोनशे धने मावतात. बारा इंची कुंडीला एक चमचा पुरे, आणि फूट-दीड फुटाच्या क्रेटला दोन. मूठभर टाकलं म्हणजे मूठभर येईल असं नसतं. फार दाट पेरलं की रोपं एकमेकांना सावली करतात, लांबुळकी होतात, आणि मुळाशी वारा न लागल्याने कोलमडतात.

माती आधी भिजवून घ्या. दोन तासांनी ओली-मऊ झाली की बोटाने चार-चार बोटांच्या अंतरावर रेघा काढा, नखभर खोल. त्यात धने टाका, वरून चाळलेलं खत आणि माती पातळ पसरा, आणि हलकं थापा. पाणी हाताने शिंपडा. तांब्याने ओतलं की सगळं बी एका कोपऱ्यात वाहून जातं. यानंतर कुंडीवर पैरा, म्हणजे भाताचा पेंढा, पातळ झाका. ओल टिकते, चिमण्या दाणे उचलत नाहीत, आणि दुपारच्या उन्हाने वरची माती तापत नाही. पहिले हिरवे कोंब दिसले की त्याच संध्याकाळी पैरा काढा. उशीर केला तर रोपं पिवळी आणि लांब होतात.

थंडीत पाच-सहा तास ऊन हवं. पाणी रोज घड्याळ बघून घालू नका, बोट मातीत पेराभर घालून बघा. कोरडं लागलं तर द्या. एकदा पूर्ण सुकणं आणि मग पूर्ण भिजणं, हे कोथिंबिरीला सहन होत नाही. एक दुपार कोमेजलेली कोथिंबीर वरून पुन्हा टवटवीत दिसते, पण आतून तिने फुलायचं ठरवलेलं असतं.

कधी पेरायची

भिलाईचं वेळापत्रक मी सणांना बांधलं आहे, म्हणजे विसरायला होत नाही. पहिली कुंडी कोजागिरीला. दुसरी राज्योत्सवाच्या सुमाराला, म्हणजे १ नोव्हेंबर. मग दर पंधरा दिवसांनी एक. शेवटची छेरछेराला, म्हणजे पौष पौर्णिमेला. इथे त्या दिवशी मुलं दारोदार धान मागत फिरतात. असं केलं की चार कुंड्यांवर हंगाम निघतो: एक उगवते आहे, एक वाढते आहे, एक कापायला आली आहे, एक संपते आहे. सगळ्या कुंड्या एकाच रविवारी पेरल्या की एकाच आठवड्यात सगळी कोथिंबीर तयार होते आणि नंतर दोन महिने काहीच नसतं.

नागपूर, अमरावती, इंदूर, जबलपूर इथल्या मंडळींना हेच वेळापत्रक जवळपास चालेल. पुणे, नाशिक, बेळगाव इथे हवा सौम्य आहे, उन्हाळ्यातही आडोशाला बऱ्यापैकी येते. कोकणात आणि गोव्यात पाऊस उघडल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस साधा. हैदराबादला थंडीचे तीन महिने चांगले. दिल्लीकडच्या मंडळींनी ऐन गारठ्यात उगवण थांबते हे लक्षात ठेवून ऑक्टोबरात सुरुवात करावी.

उन्हाळ्याचं काय? मार्च ते जून भिलाईत बाल्कनीत चांगली कोथिंबीर होते असं मी तुम्हाला सांगणार नाही. पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी, फक्त सकाळचं ऊन, मातीची कुंडी, दोन वेळा पाणी, एवढं केलं तर बोटभर उंच कोवळी रोपं मिळतात. ती तीन आठवड्यांत मुळासकट उपटून खायची, मोठी करायच्या मोहात पडायचं नाही. पावसाळ्यात भाव सगळ्यात चढलेला असतो, कारण शेतातली कोथिंबीर पावसाने सडते. आपल्याला इथे एक फायदा आहे, तो म्हणजे छज्जा. कुंडी छज्ज्याखाली ठेवा, पावसाचा थेट मार लागू देऊ नका, वाळूचं प्रमाण थोडं वाढवा. रोपं मातीलगत काळी पडून आडवी होऊ लागली तर पाणी थांबवा आणि वारा खेळू द्या.

आणखी एक वाट आहे. ईशान्य भारतात लांबट, दातेरी कडांच्या पानांची एक वनस्पती स्वयंपाकात वापरतात. वास थेट कोथिंबिरीसारखा, किंबहुना जास्त उग्र. हिंदीत तिला बन धनिया म्हणतात. ती मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली, सावली आणि दमटपणा तिला आवडतो. रोपवाटिकेत मिळाली तर एक कुंडी लावा. पावसाळ्यात आमटीचं काम भागतं.

कापणी, कीड आणि खत

तीस ते पंचेचाळीस दिवसांत कोथिंबीर कापायला येते. पहिल्यांदा विरळणी करा. दाट जागची रोपं मुळासकट काढा आणि तीच खा. मग बाहेरची मोठी पानं देठासकट कात्रीने कापा, मातीपासून दोन-तीन बोटं वर. मधला कोवळा तुरा सोडा. असं केलं की त्याच कुंडीतून दोन-तीन वेळा कापणी मिळते. एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त कापू नका.

युरियाची चिमूट टाकून कोथिंबीर हिरवीगार होते हे खरं. पण जास्त नत्र मिळालेली पानं मऊ होतात, वास कमी होतो, आणि मावा धावून येतो. दर पंधरा दिवसांनी मूठभर गांडूळखत पुरे. मावा दिसला तर आधी सकाळी पाण्याच्या फवाऱ्याने धुवा. कच्ची खायची वस्तू आहे, औषध शेवटी. पानांवर पांढरी पिठूळ भुरी आली तर ती पानं काढून टाका, कुंड्या लांब ठेवा, आणि संध्याकाळी पानांवर पाणी टाकणं बंद करा. देठांवर गाठी आल्या, दांडा लवंगेसारखा फुगला, तर ते रोप उपटून घराबाहेर टाका. हिंदीत याला लौंगिया म्हणतात. त्या रोपाचं बी धरू नका आणि ती माती पुढच्या कोथिंबिरीला वापरू नका.

घरच्या कोथिंबिरीने काय होतं आणि काय होत नाही

खरं सांगायचं तर चार कुंड्यांवर कोथिंबीरवडी होत नाही. सांबारवडीला चांगल्या दोन जुड्या लागतात. त्या बाजारातूनच आणायच्या. आमची नागपुरी सांबारवडी म्हणजे बेसन-मैद्याच्या पातळ पुरीत बारीक चिरलेला सांबार, सुकं खोबरं, खसखस, तीळ आणि तिखट भरून केलेली पुडाची वडी. पुरीला आतून चिंचेचा कोळ लावायचा, सारण भरून पुडी बांधायची, तळायची आणि कढीबरोबर खायची. तिच्यासाठी बाल्कनी रिकामी करायची गरज नाही.

घरच्या कोथिंबिरीचं काम वेगळं. वरण उकळून खाली उतरवलं, जेवायला पानं घेतली, आणि त्या क्षणी कात्री घेऊन बाल्कनीत गेलात, ती चार देठं. कोथिंबिरीचा वास उडून जाणाऱ्या तेलाचा असतो. कापल्यापासून तो कमी होत जातो आणि उकळीत तर झपाट्याने जातो. म्हणून पानं नेहमी गॅस बंद केल्यावर. देठांत मात्र स्वाद दमदार असतो. कोवळे देठ बारीक चिरून फोडणीत घाला, जाड देठ वाटणात. मुळं खरवडून धुतली तर रश्श्यात टाकता येतात, थायलंडमध्ये तर मुळांना पानांहून जास्त मान आहे.

काही लोकांना कोथिंबिरीला साबणासारखा वास येतो. ते नखरे नाहीत. पानांतल्या त्या वासाच्या द्रव्यांना ॲल्डिहाइड म्हणतात, आणि काहींच्या नाकाची घडण जन्मतःच अशी असते की त्यांना ती साबणासारखीच लागतात. घरात असं कुणी असेल तर वाटून घाला. वाटल्यावर ती द्रव्यं मोडतात आणि वास सौम्य होतो.

आणि छत्तीसगडात राहून पताल चटणी सांगितली नाही तर शेजारी रागावतील. पताल म्हणजे टोमॅटो. दोन पिकलेले पताल, दोन-तीन हिरव्या मिरच्या, चार पाकळ्या लसूण, मीठ आणि देठासकट मूठभर कोथिंबीर, पाट्यावर जाडसर वाटायची. शिजवायचं काही नाही. गरम चिल्याबरोबर, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या धिरड्याबरोबर खायची. मिक्सरमध्ये केलीत तर थांबत-थांबत फिरवा, पाणी घालू नका.

बाजारची जुडी टिकवायची असेल तर धुवायच्या आधी पिवळी पानं निवडा. मुळं असतील तर पेल्यात दोन बोटं पाणी घेऊन मुळं त्यात बुडवा, वर पिशवी सैल झाका आणि फ्रीजमध्ये ठेवा. मुळं नसतील तर कोरड्या फडक्यात गुंडाळून डब्यात. वापरायच्या आधी दोन-तीन पाण्यांतून धुवा. पान कच्चं पोटात जातं, आणि ते कुठल्या पाण्यावर वाढलं हे आपल्याला माहीत नसतं.

फुलली तर फेकू नका

कोथिंबीर फुलली की लोक उपटून टाकतात. थांबा. ती पांढरी-गुलाबी फुलं मधमाश्यांना आणि मावा खाणाऱ्या किड्यांना बोलावतात, तुमच्या मिरचीचं रक्षण होतं. फुलांनंतर हिरवे धने येतात. हिरवा धना दाताखाली फोडून बघा, त्यात पानाचा आणि धन्याचा दोन्हींचा स्वाद एकत्र असतो. दही-काकडीत ठेचून घाला. आणि ते वाळले की पुढच्या वर्षीचं बी.

आता त्या डब्याची गोष्ट. नव्या घरात पहिल्या हिवाळ्यात मी सासूबाईंच्या डब्यातले धने पेरले. दोन कुंड्या छान आल्या. चार रोपं सगळ्यांच्या आधी फुलली. मला वाटलं, वा, बी तयार! तेवढ्याच रोपांचं बी धरलं, बाकीची खाऊन टाकली. दुसऱ्या वर्षी तेच, तिसऱ्या वर्षी तेच. दर वर्षी कोथिंबीर आधीपेक्षा लवकर फुलायची, आणि मी उन्हाला नावं ठेवायची. डब्यातलं जुनं बी तोवर जुनं होऊन उगवेनासं झालं होतं. एके सकाळी सासूबाई बाल्कनीत खुर्ची टाकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "काहून गं, बी कोणत्या झाडाचं धरतेस?" मी सांगितलं. त्या काही क्षण बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अगं, जे घाई करतं त्याचं बी धरलं तर लेकरं घाईच करतील ना. मी शेवटी फुलणाऱ्याचं धरायची. पहिल्या फुलणाऱ्याची चटणी करायची."

चाळीस वर्षं त्या दर हिवाळ्यात हे करत आल्या होत्या, आणि मी तीन वर्षांत उलटं करून ठेवलं. त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं, मी कधी विचारलं नव्हतं. बारीत त्या काय करतात हे बघायला मी कधी बसलेच नाही.

वाईट खूप वाटलं. पण सासूबाईंनीच वाट काढली. जुन्या गल्लीतल्या तेलुगू अक्कांना त्या दर वर्षी वाटीभर धने द्यायच्या. अक्का अजून त्याच बाजूला राहतात. फोन केला. अक्का म्हणाल्या, "तुमचंच बी आहे, दर वर्षी लावते." वाटीभर धने परत आले. आता मी प्रत्येक कुंडीत शेवटी फुलणाऱ्या पाच-सहा रोपांना लाल दोरा बांधते, आणि बाकीची फुलं येण्याआधी कापते. एकाच रोपाचं बी धरायचं नाही, कारण कोथिंबिरीत परागीभवन बहुतेक मधमाश्यांमार्फत होतं, पाच-सहा रोपं असली की बी भरतं आणि वाण सुदृढ राहतो. छत्री तपकिरी झाली की सकाळी दव असताना कापायची, कागदी पिशवीत उलटी टांगायची, आठ-दहा दिवसांनी झटकायची. पूर्ण वाळले की कोरड्या बरणीत, वर वर्ष लिहून. आणि वाटीभर धने शेजारी द्यायचे. हे दान नाही मंडळी, हा आपलाच राखीव साठा आहे.

तर यंदा एवढंच करा. कोजागिरीला एक कुंडी भरा, एक चमचा धने रगडा, भिजवा आणि पेरा. पंधरा दिवस उकरू नका. आणि घरात कुणी म्हातारं माणूस असेल ज्याने कधी बाग केली आहे, तर पेरताना त्यांना शेजारी खुर्ची द्या. काय विचारायचं ते सुचलं नाही तर नुसतं विचारा, "बी कोणतं धरायचं?"

पुढच्या भागात मेथी घेऊ. ती कोथिंबिरीपेक्षा बरीच समजूतदार आहे. भेटू या. नमस्कार.